रद्दीतून वाचलेला इतिहास : जॉर्ज थॉमसनचा बातमीपत्रांचा संग्रह

१/ ३० जानेवारी १६४९. लंडनमध्ये व्हाइटहॉल राजवाड्यासमोर इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा भर चौकात शिरच्छेद झाला. इकडे दख्खनमध्ये त्या वेळी शहाजीराजे आदिलशाहीच्या कैदेत होते. त्या दिवसांत लंडनकरांच्या हाती कोणत्या बातम्या पडत होत्या, हे आज जवळजवळ तारीखवार सांगता येते. त्याचे श्रेय एका पुस्तकविक्रेत्याकडे जाते.

२/ त्याचे नाव जॉर्ज थॉमसन. सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारात ‘रोज अँड क्राउन’ या पाटीखाली त्याचे दुकान होते. नोव्हेंबर १६४० मध्ये पैशाच्या निकडीमुळे चार्ल्सने पार्लमेंट बोलावले आणि राजा विरुद्ध पार्लमेंट हा संघर्ष पेटला. त्याच सुमारास थॉमसनने एक व्रत घेतले : या वादाविषयी जे जे छापले जाईल, ते ते जमवायचे.

३/ तोवर इंग्लंडमध्ये छपाईवर कडक पहारा होता. परदेशच्या बातम्या छापता येत, स्वदेशातील राजकारणाच्या नाही. जुलै १६४१ मध्ये पार्लमेंटने ‘स्टार चेंबर’ हे राजाचे न्यायालय बरखास्त केले आणि छपाईवरील जुना अंकुश सुटला. नोव्हेंबरअखेर पार्लमेंटचे वृत्त देणारे पहिले साप्ताहिक बातमीपत्र बाहेर पडले. पाठोपाठ अशा पत्रांची रांगच लागली.

४/ ही बातमीपत्रे म्हणजे आजच्या वृत्तसाप्ताहिकांचे पूर्वज. आकार लहान, पाने बहुधा आठ, किंमत अगदी किरकोळ. पुढच्या आठवड्याचा अंक आला की मागचा रद्दीत जाई. जाडजूड धर्मग्रंथ लोक कपाटात जपून ठेवत. हे कागद जपण्याचे कारण कोणालाच दिसत नव्हते. थॉमसनला ते दिसले.

५/ त्याने पक्षभेद केला नाही. राजाची बाजू मांडणारे ‘मर्क्युरिअस ऑलिकस’ १६४३ पासून ऑक्सफर्डहून निघे. त्याला लंडनचे ‘मर्क्युरिअस ब्रिटानिकस’ उत्तर देई. ब्रिटानिकसचा लेखक मार्चमंट नेडम हा पुढे राजाच्या गोटात गेला आणि नंतर प्रजासत्ताकाचा प्रचारक झाला! थॉमसनने ही सारी पत्रे शेजारीशेजारी ठेवली.

६/ त्याचे मोल एका उदाहरणाने कळते. जुलै १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या सैन्याचा दारुण पराभव झाला. ऑक्सफर्डला मात्र आधी विजयाची वार्ता पोहोचली आणि आनंदाच्या होळ्या पेटल्या. एकाच बाजूचे कागद उरले असते, तर अफवा कोठे संपते आणि घटना कोठे सुरू होते, हे ठरवणे कठीण झाले असते.

७/ थॉमसनची दुसरी सवय याहून मोलाची होती. हाती आलेल्या कागदावर तो बहुधा तारीख लिहून ठेवी. मिल्टनच्या काव्यसंग्रहावर १६४५ हे वर्ष छापलेले आहे. थॉमसनच्या प्रतीवर २ जानेवारीची नोंद आहे. तेव्हा इंग्लंडचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे आजच्या गणनेने ती तारीख जानेवारी १६४६ ची ठरते. एका ओळीच्या नोंदीने असे किती कालनिर्णय सोपे केले!

८/ हा छंद सुखासुखी चालला नाही. सैन्ये जवळ येत तसा हा संग्रह लंडनबाहेर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवावा लागला. गोदामातील पोकळ मेजांत तो दडवला होता, असेही सांगितले जाते. १६५१ मध्ये राजपक्षाच्या एका कटाशी संबंध असल्याच्या संशयावरून खुद्द थॉमसनला अटक झाली. तरी जमवाजमव थांबली नाही.

९/ १६४७ मध्ये कैदेतील चार्ल्सने एक पुस्तिका पाहायला मागवली. थॉमसनने जड मनाने ती दिली. पुढे वाइट बेटाकडे जाताना ती राजाच्या हातून चिखलात पडली. राजाने ती आठवणीने परत पाठवली. थॉमसनने हा प्रसंग त्या खंडातच लिहून ठेवला. चिखलाचे डागही त्याची साक्ष देतात.

१०/ १६६१ मध्ये संग्रह थांबला, तेव्हा त्यात सुमारे २२,००० नग होते; त्यांपैकी सात हजारांहून अधिक बातमीपत्रांचे अंक. एप्रिल १६६६ मध्ये थॉमसन वारला. पाचच महिन्यांनी लंडनच्या महाअग्नीत सेंट पॉल कॅथीड्रल जळाले आणि त्याच्या तळघरात ठेवलेला पुस्तकविक्रेत्यांचा मालही खाक झाला. हा संग्रह मात्र बचावला.

११/ तरीही जवळजवळ शंभर वर्षे त्याची कदर झाली नाही. अखेर १७६२ मध्ये तिसऱ्या जॉर्जसाठी तो अवघ्या ३०० पौंडांना घेतला गेला आणि राजाने तो ब्रिटिश म्युझियमला दिला. १९०८ मध्ये त्याची सविस्तर सूची छापली गेली. आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. अर्थात तोही परिपूर्ण नाही : लंडनबाहेरचे बरेच छापील साहित्य त्याच्या हाती लागलेच नाही.

१२/ एक गोष्ट थॉमसनच्या पथ्यावर पडली. त्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणून टिकाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वृत्तपत्रांसाठी लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडतो आणि हात लावताच तुकडे होतात. म्हणजे पावणेचारशे वर्षांपूर्वीचे बातमीपत्र आज उलगडता येते आणि आजोबांच्या ट्रंकेतील साप्ताहिक मात्र हातात चुरते.

१३/ म्हणून जुनी नियतकालिके जमवणाऱ्याने थॉमसनकडून तीन गोष्टी घ्याव्यात : न पटणारा अंकही ठेवावा, तो कधी, कोठून मिळाला हे शिसपेन्सिलीने नोंदवावे, आणि ऊन व ओल यांपासून तो जपावा. आपल्या संग्रहातील कोणता कागद पुढे पुरावा ठरेल, हे थॉमसनलाही ठाऊक नव्हते. म्हणूनच त्याने निवड करण्याचा मोह टाळला.