भांडवलापलीकडचा आधार

धंद्याचा विषय निघाला की आपल्या मराठी घरांत पहिला प्रश्न येतो तो भांडवलाचा. उद्योगांचा इतिहास मात्र सांगतो की, भांडवलाइतकीच गरज असते ती पाठीशी उभ्या राहणाऱ्या एका माणसाची.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच उदाहरण घ्यावे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून ते लोखंडी नांगरापर्यंत पोहोचले; परंतु लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी शेतकरी तो नांगर घेईनात. पुढे नगरपालिकेस वस्तीवाढीसाठी जागा हवी झाली आणि कारखाना हलविण्याची पाळी आली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन व १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. १९१० साली त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडीचा पाया घातला गेला. रक्कम मोलाची होतीच. संकटातल्या उद्योजकावर टाकलेला विश्वास त्याहून मोलाचा होता.

पण असा पाठीराखा भेटणे हा योगायोग. ज्यास तो भेटत नाही, त्याने काय करावे? अमेरिकेत १९६४ साली ‘स्कोअर’ ही संघटना स्थापन झाली आणि निवृत्त व्यवस्थापक छोट्या व्यावसायिकांना समोरासमोर बसून विनामूल्य सल्ला देऊ लागले. ब्रिटनमध्ये १९७६ साली युवराज चार्ल्स यांनी प्रिन्सेस ट्रस्ट स्थापिला. त्यापासून स्फूर्ती घेऊन लक्ष्मी वेंकटेशन यांनी १९९२ साली आपल्या देशात भारतीय युवा शक्ती ट्रस्टची उभारणी केली. जे. आर. डी. टाटा तिचे संस्थापक-अध्यक्ष होते. तारण देण्यास घरी काही नाही, अशा तरुणास कर्ज मिळवून द्यावयाचे आणि त्याबरोबर एक स्वयंसेवी मार्गदर्शकही द्यावयाचा, ही तिची रीत.

या रीतीचे मर्म ‘एकास एक’ या नात्यात आहे. व्याख्यान शंभरांना सारखेच ऐकू येते; मार्गदर्शक मात्र एकाच्याच हिशेबाच्या वहीत डोकावतो. गल्ल्यातून घरखर्च चालला आहे, उधारी वसूल होत नाही, मालाची किंमत ठरविताना स्वतःची मजुरीच धरलेली नाही, अशा गोष्टी चारचौघांत कोणी बोलत नाही. विश्वासाच्या माणसापाशी बोलतो. निर्णय मात्र धंदेवाल्याचाच राहतो. मार्गदर्शकाने प्रश्न विचारावेत, धोका दाखवावा आणि बाजूस व्हावे.

परप्रांतात धंदा मांडणाऱ्या आपल्या मुलामुलींना ना गावचा सावकार ओळखीचा, ना बाजारपेठेतला कोणी काका. अपयश आले तर ते मुकाट्याने दुकान आवरतात आणि आपल्याला पुष्कळ उशिरा कळते. गणेशोत्सवात पहिल्या रांगेत बसणारे आपले निवृत्त बँक अधिकारी, अभियंते व हिशेबनीस यांच्या गाठीशी आयुष्यभराचे ज्ञान आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी त्यांतील एकेका ज्येष्ठाने एकेका होतकरूचा हात धरला, तर मंडळाच्या पुढच्या पन्नास वर्षांचा आरंभ याहून चांगला कोणता?