समाजी म्हणजेच सॅम्युएल

आमचं आडनावही ‘कर’वालं. त्यामुळे पूर्वज शोधणं सोपं असेल असं मला वाटायचं. आडनावातून गाव काढायचं, गावात जाऊन जुने कागद बघायचे, झालं! समाजी हसाजी दिवेकर वाचला आणि हा भ्रम फिटला.

दिवेकर म्हणजे दिवेआगरचे. समाजी बेने इस्राएली. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’, ते हेच लोक. १७४६ च्या सुमारास यातलं एक दिवेकर कुटुंब मुंबईला गेलं. पुढे समाजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिरला, टिपूच्या कैदेत पडला, सुटला आणि १७९६ साली त्याने मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं. बेने इस्राएलींचं मुंबईतलं हे पहिलं.

आता गंमत बघा. इंग्रजी पुस्तकांत हाच माणूस सॅम्युएल इझिकेल दिवेकर! एकाच नावाने शोधलंत तर अर्धाच माणूस हाती लागतो. बरं, दिवेकर हिंदूंतही आहेत. म्हणजे आडनावातून गाव कळतं, नातं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर आडनाव ही प्रायमरी की नव्हेच. १९४८ नंतर बेने इस्राएली मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तिथला एखादा दिवेकर मूळ शोधायला निघाला, तर त्याला ही दोन्ही नावं माहीत हवीत.

हे वाचून आजीला फोन केला. खापरपणजोबांचं नाव काय? म्हणाली, "अरे, त्यांना सगळे दादाच म्हणायचे. कागदावर काय होतं कुणास ठाऊक!"

तेव्हा मंडळी, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. आणि दोन्ही नावं लिहून ठेवा.