रयतेचा स्वभाव आणि राज्यकर्त्यांचे शास्त्र

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस, तेलंगणाच्या सीमेला लागून बिलोली तालुका आहे. गोदावरीस मिळण्यापूर्वी मांजरा नदी याच मुलखातून वाहते. येथील बाजारात मराठीच्या जोडीने तेलुगू कानी पडते, आणि १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे कचेरीच्या भाषेत उर्दू शब्दांची पेरणी अद्यापही आढळते. अशा या तालुक्याचा, विद्यापीठांत पदव्युत्तर वर्गाला शिकविल्या जाणाऱ्या वर्तनशास्त्राशी काय संबंध, असा प्रश्न शहरवासी वाचकास पडणे साहजिक आहे. संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे.

मराठवाड्यात सवाई-दिढीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याने सावकाराकडून मणभर ज्वारी उचलावी आणि सुगीला सव्वा मण किंवा दीड मण परत घालावी, असा तो करार. दीड मण म्हणजे पाच-सहा महिन्यांत शेकडा पन्नास टक्के व्याज झाले. सालगड्याची गोष्टही निराळी नव्हती. पाडव्याला साल ठरावयाचे, उचल घ्यावयाची आणि ती फेडण्यात पुढचा पाडवा गाठावयाचा. जाणता माणूस असला तोट्याचा सौदा पुन्हा पुन्हा का करतो? या प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात. एक, त्याचा स्वभावच तसा. तो उधळा, आळशी व अदूरदर्शी. दुसरे, त्याच्यापुढे पर्यायच तसे; त्याच्या जागी कोणीही असता तरी त्याने तेच केले असते. गेल्या दीडशे वर्षांत राज्यकर्त्यांनी यांपैकी कोणते उत्तर खरे मानले, यावर लक्षावधी कुटुंबांचे बरेवाईट अवलंबून राहिले.

या वादाला कागदोपत्री आरंभ झाला तो पुणे जिल्ह्यात. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, भर बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरले. जमावाने माणसांना फारशी इजा केली नाही. त्याचा डोळा कर्जरोख्यांवर होता. खते व वह्या हस्तगत करावयाच्या आणि जाळावयाच्या, एवढाच बहुतेक ठिकाणी कार्यक्रम. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचा भाव चढला होता आणि कर्ज मागेल त्याला मिळत होते. युद्ध संपले, भाव कोसळला, इकडे सरकारी साऱ्याची नवी आकारणी वाढीव आली, आणि सावकाराने हात आखडता घेतला. या चार गोष्टी एकत्र आल्या आणि वह्या पेटल्या.

सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. त्या काळच्या अधिकारीवर्गात एक मत रूढ होते, की कुणबी लग्नकार्यात व सणावारांत पैसा उधळतो म्हणून तो कर्जात बुडतो. कमिशनने हिशेब तपासले, तेव्हा निराळेच दिसून आले. लग्नाचा खर्च रयतेच्या ऐपतीच्या मानाने मोठा असला तरी असे प्रसंग क्वचित येतात. त्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, आणि कर्जाचे मूळ त्यात सहसा सापडत नाही, असा निष्कर्ष त्याने नमूद केला. परक्या सरकारच्या कमिशनने रयतेच्या स्वभावावरील आरोप तिच्याच वहीच्या आधारे बव्हंशी खोडून काढावा, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तथापि तो आरोप मेला नाही. आजही एखाद्या दिवाणखान्यात शेतकऱ्याच्या कर्जाचा विषय निघाला, की कोणीतरी लग्नाच्या मांडवाकडे बोट दाखवितोच.

कमिशनच्या पाठोपाठ १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. रोख्यावर आकडा काहीही असो, त्यामागचा खरा व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. खतांची नोंदणी गावपातळीवर होऊ लागली. तडजोडीसाठी पंच नेमले गेले. हेतू उत्तम होता. परंतु कायदा बदलला तसे सावकाराचे वर्तनही बदलले. गहाणखतात आता धोका आहे हे ओळखून तो सरळ खरेदीखतच लिहून मागू लागला. नियम ज्याला लागू व्हावयाचा तो मनुष्य स्वस्थ बसत नाही, तोही विचार करतो, हा वर्तनशास्त्राचा पहिला धडा महाराष्ट्राने असा किंमत मोजून घेतला. हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. बिलोली निजामाच्या मुलखात असल्यामुळे तिला त्याचा ना लाभ झाला, ना तोटा.

वास्तविक पाहता, वर्तनशास्त्राचा पहिला पदवीधर म्हणावयाचा तो सावकारच. पोळ्याच्या आधी, पेरणीच्या आदल्या आठवड्यात, घरात आजारपण आले असता कुणबी कोणत्या अटीला मान डोलावील, हे त्याला पक्के ठाऊक असे. खत कोणत्या भाषेत लिहावे, अंगठा कोणत्या वेळी घ्यावा, थोडी सूट देऊन मिंधे कसे करावे, हे ज्ञान त्याने कोणत्याही विद्यापीठात मिळविले नव्हते. विद्यापीठांना ते ज्ञान रयतेच्या बाजूने मिळवावयाचे होते, आणि त्यासाठी त्यांना गावात जावे लागले.

तसे जाणारांपैकी आद्य नाव डॉ. हॅरल्ड मॅन यांचे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हे प्राचार्य मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह घरोघर पाहणी केली. तिचा ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला. १७७१ साली त्या गावात दर खातेदारामागे सरासरी चाळीस एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती सात एकरांवर आली होती. सात एकरांचा धनी चाळीस एकरांच्या धन्यासारखा दूरदृष्टीने वागत नाही, अशी तक्रार करण्यात काय अर्थ आहे? पुढे जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची दुसरी पाहणी त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्या सहकार्याने केली. ती १९२१ साली प्रकाशित झाली.

याच सुमारास समाजाचा अभ्यास पदव्युत्तर शिक्षणाचा विषय झाला. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडीस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग निघाला. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली व धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले. १९३६ साली मुंबईत टाटांच्या देणगीतून समाजकार्याची पदव्युत्तर शाळा उघडली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. हैदराबाद संस्थानातही १९२९-३० साली एस. केशव अय्यंगार यांनी खेड्यांची आर्थिक पाहणी केली. १९५१-५२ सालच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीवर गाडगीळही होते. पंचाहत्तर जिल्ह्यांतील सहाशे गावे पाहून समितीने सांगितले, की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३.१, सरकारचा ३.३, आणि सावकारांचा सुमारे सत्तर आहे. सहकार कायद्याला तोवर जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती. म्हणजे रयत सावकाराकडे जाते ती मूर्खपणाने नव्हे, तर पेरणीच्या दिवशी उघडे असणारे दुसरे दारच नव्हते म्हणून.

इकडे हा अनुभव गोळा होत असता पाश्चात्त्य देशांत अर्थशास्त्राची मांडणीच हलू लागली होती. मनुष्य सर्व माहिती तोलून आपला पूर्ण लाभ साधतो, हे त्या शास्त्राचे जुने गृहीत. हर्बर्ट सायमन यांनी १९५५ च्या सुमारास दाखविले, की माणसाचा विवेक मर्यादित असतो. तो सर्वोत्तम शोधीत बसत नाही, पुरेसे मिळाले की थांबतो. डॅनियल कानेमन व एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडले, की शंभर रुपये गमावल्याचे दुःख शंभर मिळाल्याच्या सुखाहून मोठे असते. सायमन यांना १९७८, कानेमन यांना २००२ व रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ब्रिटिश सरकारने २०१० साली या शास्त्रासाठी स्वतंत्र पथक उभारले. भारत सरकारच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत या विषयावर एक संपूर्ण प्रकरण आहे. आज देशोदेशींच्या विद्यापीठांत व्यापार व राज्यधोरण यांसाठी वर्तनशास्त्र पदव्युत्तर वर्गात शिकविले जाते. त्यात मानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचा संगम असतो, आणि विद्यार्थ्याला चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडणे व एका गटावर प्रयोग करून दुसऱ्याशी त्याची तुलना करणे शिकावे लागते.

या शास्त्राचा उपयोग किती साधा असू शकतो याचे उदाहरण मुंबईचेच आहे. वडाळा स्थानकाजवळ रूळ ओलांडताना माणसे दगावत. २००९-१० साली फायनलमाइल या मुंबईतील सल्लागार संस्थेने रेल्वेच्या सहकार्याने तेथे तीन उपाय योजले. ठरावीक अंतरावरचे स्लीपर पिवळे रंगविले, म्हणजे येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांस उमगावा. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरील भय दाखविणारी चित्रे लावली. एका लांब शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या देण्यास सांगितले. दंड नाही, भिंत नाही, उपदेश नाही. तरी मृत्यू पुष्कळच घटले. ही माणसे बेफिकीर नव्हती. धावत्या लोखंडाचा वेग जोखणे मनुष्याच्या डोळ्यालाच जमत नाही.

दुसरे उदाहरण तमिळनाडूतील. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४६४ ऊस-शेतकऱ्यांची बुद्धिचाचणी दोन वेळा घेतली, एकदा तोडणीपूर्वी हात रिकामे असताना आणि एकदा पैसे हाती आल्यावर. तोच शेतकरी पहिल्या वेळी कमी पडला व दुसऱ्या वेळी सरस ठरला. चिंता डोक्यातील जागा व्यापते, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्यावर विद्वानांत वाद झाले आहेत. परंतु १८७६ साली कमिशनने वह्यांतून जे वाचले, त्याच दिशेने हा पुरावा बोट दाखवितो.

आता पुन्हा नांदेडकडे वळावयाचे. २००४ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रामस्वच्छता मोहिमेचा परिणाम मोजण्यासाठी एक प्रयोग आखला गेला. गावकऱ्यांची सभा घ्यावयाची, उघड्यावर बसण्याने होणारी हानी त्यांच्याच नजरेस आणावयाची आणि शौचालय बांधण्याचा निर्णय गावानेच घ्यावा असे पाहावयाचे, अशी ती रीत. त्यासाठी अहमदनगर, नंदुरबार आणि नांदेड हे तीन जिल्हे निवडले होते. जेफ्री हॅमर व डीन स्पिअर्स यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रयोग पार पडला. ज्या गावांत मोहीम गेली, तेथील मुलांची उंची वाढलेली आढळली. इतकेच नव्हे, तर ज्या घरांनी स्वतः शौचालय बांधले नाही, त्या घरांतील मुलांनाही लाभ झाला. शेजाऱ्याच्या वर्तनावर आपल्या मुलाचे हाडमांस अवलंबून असते, याचा हा मोजलेला पुरावा होय.

उरलेल्या दोन जिल्ह्यांत काय झाले? तेथील मुलांच्या उंचीची मोजमापे घेतली गेली. योजलेला प्रयोग मात्र तेथे झालाच नाही. संशोधकांना त्या आकड्यांचाही उपयोग झाला. निवडलेल्या जागेनुसार प्रयोगाचे फळ कसे बदलते, हे त्यांतून अभ्यासता आले. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु ज्या आईने आपल्या मुलाला मोजपट्टीपाशी उभे केले, तिच्या दृष्टीने पाहिले तर माणसे आली, उंची लिहून घेतली आणि निघून गेली. हे शास्त्र शिकणाऱ्याने हा प्रसंग विसरू नये.

विसरू नये याचे दुसरेही कारण आहे. हे ज्ञान सरकारला उपयोगी पडते तसेच व्यापाऱ्यालाही पडते. सावकाराची लाल वही मागे पडली; आता हातातल्या दूरध्वनीवर क्षणात कर्ज मिळते आणि अटी बारीक अक्षरांत खाली सरकत जातात. संमतीची खूण कोठे ठेवली म्हणजे माणूस न वाचता पुढे जाईल, हे सांगणारा आज पदवी घेतलेला असतो. ‘विनाव्याज हप्ता’ हा शब्द सवाई-दिढीपेक्षा सभ्य आहे, एवढाच पुष्कळदा फरक. ज्या विद्येने रूळावरील माणूस वाचविला, तीच विद्या त्याला हप्त्यात अडकविण्यासही समर्थ आहे.

बिलोलीच्या मुलाला उच्च शिक्षणासाठी एके काळी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचा रस्ता धरावा लागे. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि १९९४ साली नांदेडलाच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. तालुक्यातील सगरोळीस संस्कृती संवर्धन मंडळाच्या शाळा आहेत, कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथून निघालेला एखादा विद्यार्थी उद्या पुण्या-मुंबईस किंवा परदेशी जाऊन वर्तनशास्त्र शिकेल, यात नवल नाही. तेथील पुस्तकांत त्याला मर्यादित विवेक भेटेल, तोट्याचे भय भेटेल, आणि हे सारे आपण आपल्या आजोबांच्या खळ्यावर पाहिले आहे असे त्याच्या ध्यानात येईल. वर्गातील इतरांना शेतकऱ्याचे वर्तन हे कोडे वाटेल. त्याला त्या कोड्याचे उत्तर घरून ठाऊक असेल. पुढे तो शासनात गेला किंवा पेढीत बसला, तरी टेबलावर आलेल्या कागदावर ‘लोकांना कळत नाही’ असे लिहिण्याआधी त्याने सुप्याचे कमिशन आठवावे, आणि त्याने केले तसे प्रथम वही मागवून हिशेब वाचावा.