मंडालेमार्गे बोम्मसंद्रा

2025 ची खंडेनवमी. बेंगळुरू मेट्रोच्या यलो लाइनच्या शेवटच्या स्टेशनावर तुम्ही उतरता आणि बोम्मसंद्राच्या औद्योगिक वसाहतीत शिरता. फाटकाफाटकाला केळीचे खुंट आणि आंब्याचे टाळे बांधलेले. लेथला हार, फोर्कलिफ्टला हार, कोपऱ्यातल्या जनरेटरलाही हळद-कुंकू. एक ऑपरेटर कोहळ्याला चौकोनी भोक पाडतो, आत मूठभर कुंकू ओततो, मशीनवरून ओवाळतो आणि बाहेर रस्त्यावर आपटून फोडतो. ट्रकच्या चाकाखाली लिंबू चिरडते. कोणीतरी तुमच्या ओंजळीत चुरमुरे ओततो.

याच वसाहतीत, जिगणी लिंक रोडला, बायोकॉनचा कारखाना आहे. या कंपनीने 2004 मध्ये पिकिया नावाच्या यीस्टकडून मानवी इन्सुलिन करून घेतले आणि बाजारात आणले. स्टीलच्या उंच टाक्यांत यीस्ट वाढवायचे, त्याच्या पेशीत माणसाच्या इन्सुलिनची कृती आधीच घालून ठेवायची. यीस्ट ती वाचते आणि त्याबरहुकूम प्रथिन तयार करते. माणसाची कृती बुरशीच्या जातीतल्या एका पेशीला वाचता का यावी? एवढा प्रश्न सोबत घ्या आणि मागे चला.

300 कोटी वर्षे मागे. रस्ता गेला, गवत गेले, माती गेली. बेंगळुरूच्या लालबागेत नाइस नावाचा जो खडक आज उघडा पडला आहे, तो जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने घडतो आहे. हवेत प्राणवायू नाही, तेव्हा फार रेंगाळू नका. जीव आहे, पण समुद्रात, आणि डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक.

तिथून पुढे या, साधारण 100 कोटी वर्षांपूर्वीपर्यंत. समुद्राच्या पाण्यात एक पेशी आहे. तिच्या वंशाची एक शाखा पुढे बुरशी आणि यीस्टकडे जाईल, दुसरी प्राण्यांकडे, म्हणजे तुमच्याकडे. प्रथिन घडवण्याची सांकेतिक लिपी या पेशीत केव्हाच ठरून गेली आहे आणि या दोन्ही शाखांनी ती जवळजवळ तशीच पुढे चालवली. बोम्मसंद्राच्या टाकीतले यीस्ट माणसाची कृती वाचते ते या नात्यामुळे. डुकराच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये 51 पैकी एकाच अमिनो आम्लाचा फरक आहे, गाईच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये तिनांचा. यीस्टची युक्ती साधण्यापूर्वी कित्येक दशके मधुमेही माणसे या दोन जनावरांच्या इन्सुलिनवर जगली.

आता हे नाते ओळखणाऱ्या माणसाकडे चला. एप्रिल 1851. इंग्लंडमधल्या माल्व्हर्न गावात एका खाटेपाशी तुम्ही उभे आहात. खाटेवर दहा वर्षांची ॲनी, उशाशी तिचे वडील चार्ल्स डार्विन. ती जगत नाही. प्रत्येक जीव कोणी प्रेमाने हाताने घडवतो, यावर या बापाला विश्वास ठेवता आला नाही, यात नवल कसले? निसर्गाच्या निवडीत दयामाया नसते. श्रद्धेपुढचा खरा अवघड प्रश्न हाच आहे, आणि बोम्मसंद्रातल्या नारायणा हृदयालयात हृदयाला भोक असलेले मूल घेऊन बसलेल्या आईबापांना तो पुस्तकातून शिकावा लागत नाही. तरीही 1879 मध्ये हाच डार्विन एका पत्रात लिहितो की, मनुष्य कट्टर आस्तिक आणि उत्क्रांतिवादी एकाच वेळी असू शकतो, याबद्दल शंका घेणेच त्याला विपरीत वाटते. स्वतःला मात्र तो अज्ञेयवादी म्हणवतो.

आता मंडाले. 1910-11 चा हिवाळा. तुरुंगातल्या लाकडी खोलीत लोकमान्य टिळक लिहीत बसले आहेत. शाई मिळत नाही, सुटे कागद मिळत नाहीत. पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या आणि पेन्सिल, एवढ्यावरच काम. मधुमेह आहे, म्हणून आहारात सातू आला आहे. इन्सुलिनचा शोध लागायला अजून दहा वर्षे आहेत. तो 1921 मध्ये लागेल आणि टिळक 1 ऑगस्ट 1920 लाच गेलेले असतील.

त्यांच्या खांद्यावरून वहीत पाहा. गीतेवरचा ग्रंथ चालू आहे, आणि त्यात डार्विन आहे, जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल आहे. प्रकृतीतून सृष्टी कशी उलगडत गेली याचा सांख्यांचा हिशेब मांडताना टिळक पाश्चात्त्य उत्क्रांतिवाद शेजारी आणून ठेवतात. लपवत नाहीत, घाबरत नाहीत, पाखंड म्हणून बाजूला सारत नाहीत. हेकेल म्हणतो, जाणीवसुद्धा जड द्रव्यातूनच आली. सृष्टीच्या क्रमापुरते टिळक त्याचे ऐकून घेतात. मग विचारतात, हा सगळा पसारा जाणणारा कोण? त्यांचा परमेश्वर या प्रश्नाच्या पलीकडे आहे. माशाला पाय कधी फुटले, यावर त्याचे अस्तित्व टांगलेले नाही.

एका ठिकाणी मला टिळकांशी सहमत होता येत नाही. सांख्यांची प्रकृती पुरुषासाठी, म्हणजे जाणणाऱ्या तत्त्वासाठी, उलगडते; तिला हेतू आहे. डार्विनच्या निवडीला हेतू नाही, पायरीपायरीने माणसापर्यंत पोहोचायची घाई नाही. यीस्ट आपल्याइतकेच आजच्या काळातले आहे, मागे राहिलेले नाही. म्हणून दोन्ही एकच आहेत असे म्हणता येत नाही. दशावतारात डार्विन आधीच होता, असे गणेशोत्सवाच्या देखाव्यांत सांगितले जाते, तेही बरोबर नाही. कासवापासून वराह झालेला नाही. श्रद्धेला असली उसनी प्रमाणपत्रे लागत नाहीत. पण मंडालेतल्या त्या माणसाची छाती घेण्यासारखी आहे: शास्त्र सांगेल ते आधी नीट वाचायचे, आणि देवाबद्दल बोलायचे ते त्यानंतर.

वही मिटू द्या आणि जानेवारी 2018 मध्ये या, औरंगाबादला. वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह सांगत आहेत की, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, तो शाळांतून बदलायला हवा. देशातल्या तीनही विज्ञान अकादमी एकत्र येऊन त्याला उत्तर देतात. त्यांतली एक, भारतीय विज्ञान अकादमी, बेंगळुरूची, सी. व्ही. रामन यांनी 1934 मध्ये स्थापन केलेली. मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळायला सांगतात. प्रकरण मिटल्यासारखे वाटते. पण 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळतो आणि अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक, विज्ञानप्रेमींना निषेधाचे पत्र काढावे लागते.

देव आणि उत्क्रांती एकत्र नांदतात का? एकेक प्राणी सुटा घडवणारा देव मानत असाल, तर नाही. शंभर कोटी वर्षांचे ते नाते तुम्हाला नाकारावे लागेल, आणि मग टाकीतल्या यीस्टला माणसाची कृती कशी वाचता येते हे सांगता येणार नाही. सगळ्या असण्याचा आधार म्हणून, जाणिवेचा धनी म्हणून देव मानत असाल, तर उत्क्रांतीचा एकही पुरावा तुमच्या आड येत नाही. ॲनीच्या खाटेपाशी पडलेला प्रश्न मात्र तुम्हालाही सुटणार नाही. तो घेऊनच श्रद्धा ठेवावी लागते, आणि तशी ठेवणारी माणसे मला अधिक भरवशाची वाटतात.

महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. घरात दहावीचे मूल असेल तर तो धडा त्याच्यासोबत वाचा. पूजेवरून उठून वाचलात तरी हरकत नाही. फक्त ‘हे परीक्षेपुरते, खरे काही वेगळेच’ असे त्याला सांगू नका.