वाचोपचार : उच्चाराकडून संवादाकडे

विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांच्या वाचोपचाराचा, म्हणजे उच्चार, आवाज, बोलण्यातील ओघ आणि भाषेचे आकलन यांवरील उपचारांचा, भारतातील इतिहास रुग्णालयांच्या आधी कर्णबधिरांच्या शाळांत सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईत ख्रिस्ती मिशनने अशा मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा 1880 च्या मिलान परिषदेचा प्रभाव जगभर पसरत होता. सांकेतिक भाषेपेक्षा मौखिक पद्धत, म्हणजे ओष्ठवाचन आणि उच्चार यांतून शिकवण्याची रीत, श्रेष्ठ असल्याचा ठराव त्या परिषदेने केला होता आणि त्यानंतर अनेक देशांतील शाळांत हातवाऱ्यांवर बंदी आली.

या पद्धतीत मूल शिक्षकाशेजारी आरशासमोर बसे, 'ब' म्हणताना गळ्याला जाणवणारे कंपन 'प' म्हणताना जाणवत नाही हे हाताने ओळखे आणि 'फ' म्हणताना तोंडासमोरची कागदाची पट्टी हलते हे पाही. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य अशी उच्चारस्थानांनुसार रचलेली देवनागरी वर्णमाला या कामाला सोयीची असली, तरी 'प', 'ब' आणि 'म' ओठांवर सारखेच दिसतात, तर 'क' आणि 'ग' तोंडाच्या मागच्या भागात होत असल्याने जवळजवळ दिसतच नाहीत. त्यामुळे मुलाचे बरेचसे शालेय वय ध्वनी घडवण्यात जाई आणि भाषा व विषयांचे ज्ञान मागे पडे.

या कामाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप मिळाले ते स्वातंत्र्यानंतर. 1965 मध्ये म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था उभी राहिली, मुंबईच्या नायर रुग्णालयात त्याच दशकात प्रशिक्षण सुरू झाले आणि 1983 मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. श्रवणदोषाबरोबरच तोतरेपणा, दुभंगलेले टाळू आणि स्वमग्नता यांच्याकडेही वाचोपचारतज्ज्ञांचे लक्ष वळले. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवरील नियंत्रण बिघडण्याची अवस्था, असलेल्या मुलांसाठी 1972 मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची शाळा निघाली. ज्या मुलाची जीभ आणि ओठ साथ देत नाहीत, त्याला चित्रफलकावर बोटाने किंवा नजरेने 'पाणी', 'नको', 'दुखते' असे दाखवता येते, आणि असा फलक हे वाचोपचाराचेच साधन आहे.

1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने या व्यावसायिकांच्या शिक्षणाला आणि नोंदणीला कायद्याची चौकट दिली. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने वाचा व भाषा दिव्यांगतेला मान्यता देऊन अंध व कर्णबधिर विद्यार्थ्यांना त्यांना साजेशा भाषेतून आणि संवादमार्गातून शिक्षण देण्याची जबाबदारी शाळांवर टाकली. त्याआधीच, 2010 मध्ये, व्हँकुव्हर येथील कर्णबधिरांच्या शिक्षणावरील परिषदेत मिलानच्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला. या वाटचालीतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे : स्वच्छ उच्चार मोलाचा असला, तरी वर्गात प्रश्न विचारता येणे, नकार देता येणे आणि मित्र जोडता येणे हा मुलाचा हक्क त्याच्या आधीचा आहे, आणि वाचोपचाराचे यश याच हक्काच्या कसोटीवर जोखले पाहिजे.