तळटीप : ‘बिग फन’ची क्रिकेट कार्डं

मूळ मजकुरातली ही कार्डं १९९०च्या दशकात ‘बिग फन’ बबलगमसोबत मिळत. क्रिकेटपटूचं चित्र आणि धावा किंवा विकेटचा आकडा असलेली ही कार्डं बोरिवली-मुलुंडपर्यंत पोरांच्या खिशात असत. इतकी छापलेली वस्तू दुर्मीळ कशी, ही शंका रास्त आहे. पण दुर्मीळता किती छापलं यापेक्षा किती धड उरलं यावर ठरते. अमेरिकेत टॉप्स कंपनीने १९५२च्या बेसबॉल कार्डांचा न खपलेला साठा पुढे समुद्रात टाकला. त्या मालिकेतलं मिकी मँटलचं, दहापैकी साडेनऊ दर्जाचं एक कार्ड २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. आपल्याकडे कार्डांवरच्या धावा जमवायच्या त्या बक्षिसासाठी. कार्ड जपायचं कुणाच्या मनातही नव्हतं. म्हणून टोकदार कोपरे, न झिजलेल्या कडा आणि मध्यावर बसलेली छपाई असलेलं कार्ड खरोखर मोलाचं.

झिजलेलं कार्डच बालपणाची खरी साक्ष देतं, असं काही जण म्हणतात. समाजाच्या इतिहासासाठी ते मान्य. पण झीज सर्रास सापडते, मूळ रंग सापडत नाही. मात्र अमेरिकेतल्या त्या किमतीमागे त्रयस्थ दर्जातपासणी आणि लिलावांच्या जाहीर नोंदी आहेत. ‘बिग फन’च्या कार्डांना तसा सर्वमान्य आधार नसल्याने डॉलरचे आकडे इथे लावणं चूक आहे. वाचकांपैकी कुणाकडे ही कार्डं असतील, तर ती लॅमिनेट करू नयेत, वहीत चिकटवू नयेत आणि कडा तर मुळीच कापू नयेत.