धोक्याची वस्ती कोणती? प्लेगच्या मुंबईतला एक वाद

१८८१च्या शिरगणतीत मुंबई शहराची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. १८९१ साली ती ८,२१,७६४ झाली आणि १९०१ साली ७,७६,००६वर आली. कापूस, गिरण्या आणि आगगाडी यांच्या जोरावर फुगत गेलेलं शहर दहा वर्षांत सुमारे ४६ हजारांनी आटलं आणि वीस वर्षांपूर्वीच्या आकड्यावर येऊन थांबलं. कारण सर्वांना ठाऊक आहे. त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांनी त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटलं, लोकांनी ‘गाठीचा ताप’ म्हटलं, पुढे ‘प्लेग’ हाच शब्द मराठीत रुजला.

प्लेग म्हटलं की मराठी वाचकाला पुणं आठवतं. रँड, चापेकर बंधू, २२ जून १८९७ची रात्र. मुंबईच्या प्लेगला असा एकच प्रसंग, असा एकच नायक नाही. म्हणूनच असेल, त्यावर मराठीत त्या मानाने कमी लिहिलं गेलं. मी इतिहासाचा पदवीधर नाही. जन्मभर हिशेबनिशी केली, आणि सवड मिळेल तेव्हा एशियाटिकच्या वाचनालयात आणि काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात बसून जुने अहवाल चाळले. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा १८९७चा अहवाल, ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या प्लेग कमिटीचा अहवाल, त्यानंतरचा कॅम्पबेल यांचा अहवाल. हे सगळं वाचताना एका प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला. शहर रिकामं होत होतं, तेव्हा राहिलेले लोक आणि त्यांचे कारभारी एकाच गोष्टीवर वाद घालत होते: सगळ्यांत धोक्याची वस्ती कोणती? या वादात कोण काय म्हणत होतं, आणि त्यातून कोणाचं छप्पर गेलं, ते इथे मांडतो.

पहिलं बोट मांडवीकडे दाखवलं गेलं. मांडवी म्हणजे जकातघर. बंदराला लागून असलेली ही वस्ती धान्याच्या व्यापाराची. तळमजल्यावर गोण्यांची थप्पी, वरच्या मजल्यांवर राहती बिऱ्हाडं. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी या भागातले रोगी तपासून हा प्लेग असल्याचं निदान केलं. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे हे डॉक्टर कॉर्पोरेशनचे सभासद होते. त्यांनी ही गोष्ट म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीत उघड केली. (धोबीतलावला मेट्रोसमोर त्यांचा पुतळा आहे. रोज हजारो लोक त्याच्यासमोरून जातात.)

निदान झालं, तरी रोग आला कुठून याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. एक पक्ष म्हणे, तो जहाजातून आला. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग झाला होता आणि मुंबईचा चीनशी मोठा व्यापार होता. दुसरा पक्ष म्हणे, तो इथल्याच घाणीतून उपजला. गटारं तुंबलेली, जमीन ओली, घरांत उजेड नाही. आरोग्य अधिकारी डॉ. वीर यांचा भर दुसऱ्या मतावर होता. त्यांनी मांडवीची गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुऊन काढण्याचं प्रचंड काम हाती घेतलं. यात वैद्यकाइतकाच व्यापारही होता, असं मला वाटतं. युरोपातली बंदरं मुंबईच्या जहाजांना अटकाव करतील ही भीती खरी होती, आणि १८९७च्या आरंभी व्हेनिसला याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. रोग ‘मांडवीच्या घाणीचा’ ठरला, तर उरलेली मुंबई निर्धोक ठरते. एका वस्तीला नाव ठेवलं की बाकी शहराची पत राहते.

पण १८९७ उजाडलं तेव्हा रोग मांडवीपुरता राहिला नव्हता. आता बोटं कामाठीपुरा, नागपाडा, भायखळा यांच्याकडे वळली. लोक शहर सोडत होते. स्टेशनांवर आणि कोकणच्या बोटींच्या धक्क्यांवर गर्दी उसळली होती. फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी वस्ती निघून गेली, असा तेव्हाचा अंदाज आहे.

आता थोडं हिशेबनिशाच्या नजरेने बघू. म्युनिसिपालिटी दर आठवड्याला विभागवार मृत्यूंचे तक्ते काढत असे. दर हजारी किती मेले ते त्यावरून निघे, आणि अमुक विभाग ‘सर्वांत वाईट’ असं ठरे. दर हजारी आकड्याला वर एक संख्या लागते, खाली एक. दोन्ही डळमळीत होत्या. वरची संख्या म्हणजे प्लेगचे मृत्यू. ज्या घरात प्लेग निघेल तिथे झडती, सामानाची जाळपोळ आणि माणसांची पांगापांग होई. त्यामुळे मृत्यू लपवले जात, किंवा ‘ताप’ म्हणून नोंदले जात. खालची संख्या म्हणजे त्या विभागाची वस्ती. ती घेतली जाई १८९१च्या शिरगणतीवरून. पण माणसं होती कुठे? ज्या विभागातले लोक गावी किंवा माहीम-वांद्र्याकडे निघून गेले, तिथे मरायलाच माणसं थोडी उरली. तो विभाग कागदावर सुधारलेला दिसे. ज्या विभागात लोकांना जायला जागा नव्हती, किंवा जिथे शेजारची माणसं येऊन दाटली, तो विभाग कागदावर काळाकुट्ट. जे पळू शकत होते त्यांची वस्ती सुरक्षित ठरली. जे पळू शकत नव्हते त्यांची धोक्याची ठरली.

१९०१च्या ज्या आकड्याने या लेखाची सुरुवात केली, त्यालाही हाच दोष लागतो. ती शिरगणती १ मार्चला झाली. मुंबईत प्लेगचा जोर दर वर्षी थंडी सरताना वाढे, म्हणजे नेमका याच सुमारास. अनेक लोक बाहेरगावी होते. पाच वर्षांनी, १९०६ मध्ये, म्युनिसिपालिटीने स्वतः मोजणी केली तेव्हा ९,७७,८२२ माणसं भरली. प्लेगने माणसं मारली, फार मारली. पण आटलेल्या शहराच्या आकड्यात मेलेल्यांबरोबर भ्यालेलेही मोजले गेले आहेत.

ज्यांच्या वस्त्यांना धोक्याच्या म्हटलं गेलं, त्यांचंही या वादात एक मत होतं. ते कोणी विचारलं नाही. त्यांनी ते रस्त्यावर येऊन सांगितलं. ६ ऑक्टोबर १८९६ला कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला: रोग्याला घरातून उचलून इस्पितळात नेता येईल, घर रिकामं करवता येईल. नेण्याचं ठिकाण होतं आर्थर रोडचं इस्पितळ, आजचं कस्तुरबा. तिथे गेलेलं माणूस क्वचितच परत येई, आणि येणार तरी कसं? बहुतेकांना शेवटच्या अवस्थेतच तिथे नेलं जाई. गिरणगावाला त्यातून एकच अर्थ कळला. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार इस्पितळावर चालून गेले. लगेच हुकूम सैल करण्यात आला. स्नो यांनी नंतर दिलेलं कारण वाचण्यासारखं आहे. शहराची मैलासफाई करणारे हलालखोर आणि झाडूवाले या भीतीने पळून गेले असते, तर मुंबई राहण्याजोगीच उरली नसती, असं त्यांनी लिहिलं. सगळ्यांत खालच्या पायरीवर राहणाऱ्या, सगळ्यांत ‘घाणेरड्या’ म्हटल्या गेलेल्या वस्त्यांतल्या माणसांवर हे शहर उभं होतं, याची ही सरकारी कबुली आहे.

म्हणजे गिरणगावाच्या लेखी धोक्याची जागा होती इस्पितळ. दारात थांबणारी रोग्यांची गाडी आणि बुटांनिशी घरात शिरणारी झडतीची टोळी हा त्यांचा धोका होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, मार्चमध्ये गॅटेकर यांची कमिटी आली आणि झडत्यांना लष्करी शिस्त लागली. ९ मार्च १८९८ला मदनपुऱ्याजवळच्या विणकर वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला गेलेल्या पथकावरून दंगल उसळली आणि गोळीबार झाला. त्यानंतर गोदीतले हमाल आणि गाडीवाले कामावर येईनात. सधन वर्गाची सोय वेगळी झाली. पारशी, जैन, भाटिया, खोजा अशा समाजांनी आपापली इस्पितळं उघडली आणि सरकारने त्यांना मुभा दिली. आपल्या माणसांत, आपल्या हातचं पाणी पीत मरण्याची सवलत ज्याला होती त्याची भीती निम्मी झाली. गिरणी कामगाराकडे सवलत नव्हती, पण गरज होती. हात कमी पडू लागले तेव्हा गिरण्यांच्या माणसांनी नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लावल्या, आणि महिन्याच्या पगाराऐवजी रोजच्या रोज मजुरी मोजून घेण्याची अट कामगारांनी मान्य करून घेतली. भीतीच्या काळात त्यांनी मिळवलेली ही एक गोष्ट.

वाद कागदावर राहिला असता तर त्याचा इतिहास लिहायचं कारण नव्हतं. पण १८९८ मध्ये गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकिर्दीत कायदा होऊन मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. ज्या वस्त्यांची नावं घेतली जात होती, त्यांचीच यादी झाली. पहिली योजना नागपाड्याची. मग मांडवी-कोळीवाडा, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड. त्याआधीच प्लेगच्या पथकांनी घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरं रंगवली होती. मनुष्यवस्तीस अयोग्य, हा त्यांचा अर्थ. ती अक्षरं ज्यांच्या दारावर उमटली त्यातल्या बहुतेकांना ती वाचता येत नव्हती.

ट्रस्टचं सगळंच काम वाईट होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. समुद्राचा वारा शहराच्या पोटात आणणारे रुंद रस्ते त्यांनी काढले. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहती आखल्या. अध्यक्ष ऑर यांनी घरात उजेड यावा म्हणून दोन इमारतींमधल्या अंतरासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहाने मांडला. आग्रीपाड्यापासून बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याची अनेक वर्षं काढली. पण ट्रस्टने जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्या नाहीत, आणि बांधल्या त्या पाडण्याच्या मानाने उशिरा बांधल्या. नागपाड्यात घर पडलेलं कुटुंब ट्रस्टच्या चाळीची वाट बघत थांबणार कसं? कामाच्या जागेपासून चालत जाता येईल अशी खोली त्याला हवी असे. ते शेजारच्या गल्लीत गेलं. तिथे आधीच सहा माणसं राहत असलेल्या खोलीत दहा झाली. दोन-चार वर्षांत ती गल्ली नव्या यादीत येण्याच्या लायकीची झाली. धोक्याची वस्ती पाडली, तशी ती पलीकडे सरकली.

दरम्यान प्रयोगशाळांत उत्तर सापडत होतं. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं. तेव्हा त्याला हसणारेच अधिक होते. १९०५नंतर नेमलेल्या संशोधकांनी परळच्या प्रयोगशाळेत आणि शीव, वडाळा, परळ, वरळी या गावांत उंदीर मोजले, प्लेगच्या घरांत गिनिपिग सोडून पाहिले, आणि पिसवेचा दोष सिद्ध केला. गढवाल-कुमाऊँच्या डोंगरी लोकांना, घरात उंदीर मरू लागले की घर सोडायचं, हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या होतंच.

या उत्तराच्या उजेडात तो जुना वाद पुन्हा वाचला की वाईट वाटतं. मांडवी खरोखरच धोक्याची होती. ज्यांनी तिचं नाव घेतलं ते खोटं बोलत नव्हते. पण धोका गटारापेक्षा धान्याच्या गोणीत अधिक होता. उंदराला पोसणारी कोठार आणि वर झोपलेली माणसं यांच्यामध्ये फक्त एक लाकडी तक्तपोशी होती. धुतल्या गेल्या गरिबांच्या भिंती, जळाल्या त्यांच्या गोधड्या, आणि गोण्यांकडे नीट लक्ष गेलं ते दहा वर्षांनी. वस्तीतल्या माणसांकडे सगळे इतके टक लावून बघत होते की त्यांच्या पायाखालची कोठारं दिसली नाहीत.

मार्च २०२०च्या अखेरीला मुंबईत पहिल्यांदा बंद केल्या गेलेल्या वस्त्यांमध्ये वरळी कोळीवाडा होता, आणि पहिले रोगी नेले गेले ते कस्तुरबा इस्पितळातच. दोन्ही नावं माझ्या टिपणवहीत आधीपासून होती. त्या दिवसांत ‘तिकडे जाऊ नका’ अशा वस्त्यांच्या याद्या तोंडोतोंडी फिरत होत्या. तेव्हापासून अशी यादी हाती आली की मी तीन गोष्टी विचारतो. वरचा आकडा कोणी मोजला? तो कशाने भागला? आणि यादीतल्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला स्वतःला कशाची भीती वाटते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जुन्या अहवालांत जवळजवळ नाही. ते दंग्यांच्या, संपांच्या आणि सोडून गेलेल्या घरांच्या नोंदींतून वेचावं लागतं.

ट्रस्ट १९३३ मध्ये म्युनिसिपालिटीत विलीन झाला. ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ घरांतल्या लोकांसाठी त्याने बांधलेल्या काही चाळी आता शंभरी ओलांडून मोडकळीस आल्या आहेत, आणि त्यांच्या पुनर्विकासाची बोलणी वर्षानुवर्षं चालू आहेत. तिथल्या भाडेकरूंना विचारलं तर ते इमारतीच्या तड्यांबद्दल आधी बोलत नाहीत. ते विचारतात, पाडल्यावर आम्हाला नेणार कुठे आणि परत आणणार कधी.